निफाडचा पारा आणि पीचचे थंडीचे तास

निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याची बातमी आली की नाशिकमध्ये कोणीतरी हमखास विचारते, ‘एवढी थंडी पडते, मग अंगणात पीच का येणार नाही?’ या प्रश्नात किमान तापमान आणि थंडीचे तास या दोन वेगळ्या गोष्टी एकच धरलेल्या असतात. त्यापायी हिमाचलातून हौसेने आणलेली कलमे इथे लागतात, पण वर्षानुवर्षे फळाचे नाव घेत नाहीत.

किमान तापमानाविषयी द्राक्षपट्ट्यात वेगळे सांगायला नको. पहाटे मण्यांना तडे जातील का, शेकोट्या पेटवायच्या की ठिबक सोडायचे, हा विचार इथे घरोघरी चालतो. पीचसाठी मात्र हा आकडा फारसा कामाचा नाही, कारण पाने झडून सुप्तावस्थेत गेलेले झाड शून्याखालची थंडीही सोसते.

पीचची अडचण थंडी अपुरी पडण्याची आहे. काडीवरच्या सुप्त डोळ्यांना, म्हणजे न फुटलेल्या कळ्यांना, ठरावीक काळ गारवा मिळाल्याशिवाय ते नीट फुटत नाहीत, आणि हा गारवा तासांत मोजतात. रोपवाटिकेत त्यालाच चिलिंग अवर्स म्हणतात. सर्वांत सोप्या पद्धतीत ७.२ अंश सेल्सिअसखालचे तास मोजले जातात. एल्बर्टा या जुन्या जातीला असे सुमारे ८०० तास लागतात, तर फ्लोरिडा विद्यापीठाने विकसित केलेल्या फ्लोर्डाप्रिन्सला सुमारे १५०. आता आपला हिशेब मांडून पाहा. पारा सहावर गेला तरी तो तिथे रात्रभर थांबत नाही. पहाटे काही तास टेकतो आणि ऊन चढताच झपाट्याने वर जातो. थंडीची लाट आठवडाभर टिकली आणि रोज चार तास पदरात पडले, असे धरले तरी बेरीज २८ होते.

शिवाय ही बेरीजही पूर्णपणे टिकत नाही. १९७४ साली मांडलेल्या युटा पद्धतीत २.५ ते ९.१ अंशांमधला तास पूर्ण धरतात, त्याहून थोडा उबदार तास अर्धा धरतात आणि १६ अंशांवरचा तास चक्क वजा करतात. म्हणजे रात्री कमावलेला गारवा आपल्याकडच्या २८-३० अंशांच्या दुपारी खर्ची पडतो. याच पद्धतीत शून्यालगतच्या कडाक्याला काहीच गुण नाहीत. म्हणून वर्तमानपत्रातला नीचांक पाहून पीच लावणे मला अजिबात पटत नाही. सलग राहणारा सहा-आठ अंशांचा गारवा एखाद्या रात्रीच्या विक्रमापेक्षा कितीतरी मोलाचा असतो.

गारवा कमी पडलेले झाड मार्चमध्ये सहज ओळखू येते. फांदीच्या शेंड्यावर पानांचा झुबका असतो आणि खाली हातभर काडी उघडी राहते. फुलकळ्या तपकिरी पडून बोट लागताच गळतात. अशा झाडाला खत कमी पडले असे समजून युरिया देणे चूकच आहे. मुळाशी बर्फ टाकण्याचा उपायही व्यर्थ आहे, कारण गारवा लागतो तो फांदीवरच्या डोळ्यांना.

नाशिकच्या अंगणासाठी मी फ्लोर्डाप्रिन्सशिवाय दुसरे नाव सुचवणार नाही, आणि तिच्याबाबतही दरवर्षी भरघोस फळांची खात्री देणार नाही. नुसते ‘कलमी पीच’ म्हणून विकले जाणारे रोप घेऊच नये. विक्रेत्याला जात आणि तिचे तास सांगता आले पाहिजेत. फ्लोर्डाप्रिन्स स्वपरागित असल्याने एक झाड पुरते. दुपारच्या उन्हाने तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीलगत ते लावू नये. काळ्या जमिनीत पाणी साचते, तिथे उंच वरंबा करावा. नोव्हेंबरअखेर पाणी तोडावे आणि डिसेंबरात उरलेली पाने हाताने काढावीत, म्हणजे झाड विश्रांतीला जाते.

द्राक्षाला ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड हे रसायन काडीला लावतात; ते पेस्टिंग पीचला उसने लावू नये. ते रसायन विषारी आहे आणि गारव्याची मोठी तूट त्याने भरून निघत नाही. द्राक्षाच्या काड्या पार आखूड करणाऱ्या खरड छाटणीची सवयही इथे आवरावी. पीचची फुले गेल्या हंगामात वाढलेल्या काडीवर थेट येतात, त्यामुळे फुलण्याआधी सगळ्या काड्या आखूड केल्या तर त्या वर्षीची फळे छाटणीबरोबरच जातात.