अर्धशिशी आणि रक्तातील मेद

अर्धशिशी (मायग्रेन) असलेल्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड यांचे प्रमाण बिघडलेले असण्याची शक्यता काहीशी जास्त असते, असे अनेक पाहण्यांत दिसले आहे. कोलेस्टेरॉल वाढल्यामुळे डोके दुखते, हे मात्र सिद्ध झालेले नाही.

हा संबंध ‘ऑरा’ असलेल्या अर्धशिशीत अधिक ठळक दिसतो. ऑरा म्हणजे दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या नागमोडी रेषा येणे, हाताला मुंग्या येणे यांसारखी लक्षणे. नेदरलँड्समधील २००५ च्या पाहणीत अशा रुग्णांचे कोलेस्टेरॉल प्रतिकूल असण्याचे प्रमाण इतरांहून जास्त आढळले. याच गटात पक्षाघात व हृदयविकाराचा धोकाही थोडा अधिक असतो. त्यामुळे मेद तपासायचा तो डोकेदुखीचे मूळ शोधायला नव्हे, तर हृदयाची काळजी म्हणून. कारणांबाबत रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील बिघाड, दाह आणि सामाईक जनुके असे तर्क आहेत. काही वाटा अर्धशिशी टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या औषधांचाही असतो: फ्लुनारिझिन व अमिट्रिप्टिलिनने वजन वाढते, तर प्रोप्रॅनोलॉलने ट्रायग्लिसराइड वाढून एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) उतरू शकते.

भारतीयांच्या बाबतीत एक पेच आहे. महाराष्ट्राचा समावेश असलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ७२.३ टक्के लोकांचे एचडीएल कमी निघाले. ठाण्यातल्या एखाद्या अर्धशिशीच्या रुग्णाचे एचडीएल कमी आले, तर त्यावरून फारसे काही ठरत नाही; डोके कधीही न दुखणाऱ्या त्याच्या शेजाऱ्याचेही तसेच असू शकते.

उपाशीपोटी तपासणीचा त्रास वेगळाच. जेवण चुकणे हे अर्धशिशीचे ओळखीचे निमित्त असते. रात्री जेवून सकाळी नऊ-दहापर्यंत चहाही न घेता लॅबच्या रांगेत बसलेल्याचे डोके तिथेच ठणकू लागते, मग त्याचे खापर अहवालातल्या कोलेस्टेरॉलवर फुटते. नवी मुंबईतल्या ऐरोली-महापे भागात रात्रपाळी करणाऱ्यांची झोपही त्याच दिवशी मोडलेली असते. युरोपीय तज्ज्ञांच्या २०१६ च्या सहमतीनुसार नेहमीच्या मेदतपासणीला उपास लागत नाही. ट्रायग्लिसराइड फार जास्त आले तरच उपाशीपोटी पुन्हा तपासतात. आपल्याला हे चालेल का, ते डॉक्टरांना आधीच विचारलेले बरे.

आहाराबाबतचा एक पुरावा लक्ष देण्याजोगा आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील १८२ जणांच्या चाचणीत १६ आठवडे आहारातील ओमेगा-३ (माशांत आढळणारे मेदाम्ल) वाढवल्यावर डोकेदुखीचे दिवस घटले. जोडीला लिनोलिक आम्ल (अनेक खाद्यतेलांतले एक मेदाम्ल) कमी केल्यावर ते आणखी घटले. चेंदणी किंवा दिवाळे कोळीवाड्यातल्या घरांना बांगडा-तारली नवी नाही. ओमेगा-३ त्यात भरपूर असते, पण सूर्यफूल किंवा सोयाबीन तेलात तळले की लिनोलिक आम्लही ताटात येते. कालवण त्या मानाने बरे.

स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधांबद्दल आशा आहे, पण पुरावा तोकडा आहे. सिम्वास्टॅटिन हे स्टॅटिन व ड जीवनसत्त्व एकत्र दिल्यावर झटके कमी झाल्याचे २०१५ च्या चाचणीत दिसले, पण तीत रुग्ण अवघे ५७ होते. हृदयाच्या धमन्यांचा आजार असल्यास झटक्यावरची ट्रिप्टान गटातील औषधे टाळतात.