ब्युनोस आयर्स: १८७१च्या तापानं दुभंगलेलं शहर

अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्सला गेलेल्या पाहुण्याचा पहिला दिवस बहुतेक ठरलेला असतो. सकाळी सान तेल्मोच्या दगडी गल्ल्या, मग ला बोकातली रंगीबेरंगी घरं, आणि दुपारनंतर उत्तरेला रेकोलेता. तिथं संगमरवरी थडग्यांचं कब्रस्तान, फ्रेंच धाटणीच्या हवेल्या आणि महागडे कॅफे. एकाच शहराचे हे भाग, पण सख्खे वाटत नाहीत. दक्षिणेला पोपडे निघालेल्या भिंती, उत्तरेला पैसा. असं का झालं हे ठाऊक असेल तर तोच दिवस फार वेगळा दिसतो.

एके काळी नेमकं उलट होतं. १५३६ची पहिली वसाहत स्पॅनिश लोकांना पाच वर्षांत सोडून द्यावी लागली. १५८०मध्ये हुआन दे गारायनं शहर पुन्हा वसवलं. आज ज्याला प्लासा दे मायो म्हणतात, तो चौक त्याचा मध्य. पुढं या चौकाच्या दक्षिणेला बड्या घराण्यांनी घरं बांधली. आपल्या वाड्यांसारखीच, एकामागे एक चौक असलेली. पुढच्या चौकात पाहुण्यांची ऊठबस, मधल्यात कुटुंब, मागच्यात स्वयंपाकघर आणि नोकरचाकर.

जानेवारी १८७१च्या अखेरीस सान तेल्मोत पिवळ्या तापाचे पहिले रोगी आढळले. पॅराग्वेबरोबरचं युद्ध नुकतंच संपलं होतं आणि परतणाऱ्या सैनिकांबरोबर ताप आला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. शहराची वस्ती दोन लाखांच्या आत. काही महिन्यांत त्यातली १३ हजारांहून अधिक माणसं गेली. एप्रिलमध्ये तर एकेका दिवसाचा आकडा ५००च्या वर पोचला. दक्षिणेचं कब्रस्तान भरलं, म्हणून शहराच्या पश्चिमेला चाकारिता इथं घाईघाईनं नवी जागा काढली आणि मृतदेह न्यायला चक्क आगगाडी सुरू केली. हा ताप डास पसरवतो हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. दोष आला तो दाटीवाटीनं राहणाऱ्या इटालियन स्थलांतरितांवर. ज्यांची सर्वाधिक माणसं गेली त्यांनाच घराबाहेर काढलं गेलं, ही गोष्ट आजही वाचताना मन विषण्ण होतं.

ऐपत होती ते उत्तरेच्या उंचवट्याकडं पळाले आणि परतले नाहीत. रेकोलेताच्या हवेल्या त्यानंतरच्या. इकडं रिकाम्या वाड्यांच्या खोल्या मालकांनी एकेका कुटुंबाला भाड्यानं दिल्या. त्याला स्थानिक लोक 'कोनबेन्तीशो' म्हणतात. आपण सरळ चाळ म्हणू. एका खोलीत अख्खं कुटुंब, चौकात सामाईक नळ, सामाईक संडास, दोऱ्यांवर सगळ्यांचे कपडे. इटली आणि स्पेनमधून येणाऱ्यांचा लोंढा चालूच होता. १९१४च्या जनगणनेत शहरातला जवळपास निम्मा माणूस परदेशात जन्मलेला निघाला. १९०७मध्ये भाडी वाढली तेव्हा या चाळींनी भाडं द्यायचंच बंद केलं. बायका आणि मुलं झाडू हाती घेऊन रस्त्यावर उतरली, अन्याय झाडून काढायला. सान तेल्मोच्या एखाद्या जुन्या घराच्या चौकात आज पुरातन वस्तूंची दुकानं दिसतील. तिथं क्षणभर थांबून खोल्यांची दारं मोजून पाहावीत.

तापाची सर्वांत सुंदर खूण मात्र बहुतेकांच्या नजरेतून निसटते. कोर्दोबा रस्त्यावर एक राजवाडा आहे. रंगीत टेराकोटाची नक्षी, झिलईच्या विटा, उतरती छपरं, कोपऱ्यांवर मनोरे. आत ना राजा राहिला, ना मंत्री. आत होत्या लोखंडाच्या १२ अजस्र टाक्या, ७ कोटींहून अधिक लिटर पाण्याच्या. साथीनंतर शहराला शुद्ध पाणी आणि गटारं देण्याचं काम जोरात सुरू झालं आणि १८९४मध्ये ही इमारत उभी राहिली. दर्शनी भागाचे नक्षीचे तुकडे इंग्लंडहून जहाजांनी आले, एकेक तुकडा नंबर टाकलेला. पाण्याच्या टाकीला राजवाड्याचा मान देणारं शहर मला फार जवळचं वाटतं. एवढी माणसं गमावल्यावर पाण्याची किंमत कळलेली ही माणसं होती.

ला बोकाचे रंग नंतरचे. बंदरावरच्या गरिबांची पत्र्याची घरं जहाजांच्या उरल्यासुरल्या रंगानं रंगायची, असं सांगतात. कामिनितो ही गल्ली मात्र बेनितो किन्केला मार्तिन या चित्रकारानं शेजाऱ्यांना हाताशी धरून घडवली. तिथून पूर्वी रेल्वेचा फाटा जायचा. १९५९मध्ये ती उघड्यावरचं संग्रहालय म्हणून जाहीर झाली.

वेळ असेल तर पार्के आमेगिनोत जरूर जावं. दक्षिणेचं भरून गेलेलं कब्रस्तान म्हणजे हीच बाग. मध्यभागी तापात गेलेल्यांचं स्मारक आहे, आणि भोवतीच्या हिरवळीवर पोरं फुटबॉल खेळत असतात.