आतड्यातील पॉलिप काढल्यानंतरची उशिराची गुंतागुंत

मोठ्या आतड्याच्या अस्तरावर वाढलेला कोंब, म्हणजे पॉलिप, दुर्बिणीतून काढल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी होणारा रक्तस्राव, ताप-पोटदुखी किंवा आतड्याला पडणारे छिद्र यांना उशिराची गुंतागुंत म्हणतात. तोवर रुग्ण बहुधा घरी पोचलेला असतो आणि खरी अडचण तिथेच आहे.

यांत रक्तस्राव सर्वांत नेहमीचा. तो बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत होतो. वीज लावलेल्या बारीक तारेच्या फासाने पॉलिप कापला की जागा भाजते आणि तिच्यावर खपली धरते. ती गळताना खालची रक्तवाहिनी उघडी पडू शकते. म्हणून १ सें.मी.हून लहान पॉलिपसाठी आता वीज न लावता नुसत्या फासाने कापणे पसंत केले जाते. मोठा, सपाट पॉलिप असेल तर अस्तराखाली सलाइन टोचून तो आधी उचलून घेतात, म्हणजे भाजण्याची धग खोलवर जात नाही. आतड्याच्या उजव्या भागाची भिंत पातळ असते. तिथला २ सें.मी. किंवा त्याहून मोठा पॉलिप काढल्यावर जखमेला धातूच्या क्लिपा लावून ती मिटवणे फायद्याचे ठरते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत उजव्या भागातला रक्तस्राव क्लिपांमुळे ९.६ टक्क्यांवरून ३.३ टक्क्यांवर आला. डाव्या भागात मात्र असा फायदा दिसला नाही. क्लिपांचा खर्च पाहता सरसकट सगळ्यांना त्या लावण्यात अर्थ नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा प्रश्न नाजूक आहे. अ‍ॅस्पिरिन सहसा चालू ठेवतात. वॉरफेरिन साधारण ५ दिवस आधी थांबवतात. पण हृदयात स्टेंट असलेल्याने कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. गोळ्या पुन्हा कधी सुरू करायच्या, हे घरी जाण्यापूर्वीच लिहून घ्यावे.

ताप आणि पोटदुखी असूनही छिद्र नसेल, तर धग भिंतीत उतरल्याचे ते लक्षण असते. उपाशी ठेवून, सलाइन व प्रतिजैविके देऊन ते बहुधा निवळते. पोट दगडासारखे कडक झाले तर मात्र थांबू नये.

कोल्हापुरात रुग्णाचा पहिला प्रश्न बहुधा तांबडा रस्सा कधी चालेल हा असतो. काही दिवस हलके खावे आणि तालमीतले जोर-बैठका, वजन उचलणे टाळावे, एवढे त्याचे उत्तर. गावाचे अंतर विचारणे जास्त गरजेचे. गगनबावड्याकडच्या माणसाचा मोठा पॉलिप ऐन जुलैत काढला आणि पंचगंगेच्या पुराने रस्ता बंद झाला, तर रक्त सुरू झाल्यावर शहरातले सीपीआर हे सरकारी रुग्णालयही दूर पडते. घाई नसेल तर पाऊस ओसरू द्यावा, नाहीतर दोन आठवडे शहरातल्या पाहुण्यांकडे राहावे. संडासवाटे पडणारे रक्त मूळव्याधीचे समजून घरगुती औषध करत बसणे ही नेहमीची चूक. बिटाने लाल किंवा लोहाच्या गोळ्यांनी काळी शी होते ती वेगळी. गाठी पडलेले रक्त, चक्कर किंवा घाम आला तर रात्रीच निघावे.