भरती वेगळी, लाट वेगळी: लाँगबोर्डसाठी किनारा निवडताना

"शनिवारी पौर्णिमा आहे, भरती मोठी आहे, म्हणजे लाटाही मोठ्या मिळणार. निघूया." कोल्हापुरातून समुद्रावर सर्फिंगला उतरणाऱ्यांच्या बोलण्यात हे इतक्या सहज येतं की त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालीय, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मग रात्री निघायचं, राधानगरीवरून फोंडा घाट उतरायचा, उजाडता उजाडता मालवण गाठायचं आणि समोर बघायचं तर पाणी लांब आत गेलेलं, लाट घोट्याएवढी. पौर्णिमा खरी असते, भरतीही मोठीच असते. लाट मात्र पौर्णिमेला बांधलेली नसते.

भरती म्हणजे समुद्राच्या पाण्याची पातळी. चंद्र आणि सूर्य यांच्या ओढीने ती साधारण सव्वासहा तास चढते आणि तितकाच वेळ उतरते. लाट ही वाऱ्याची करणी. वाऱ्याने पाण्याला दिलेली ऊर्जा पृष्ठभागावरून चालत किनाऱ्यापर्यंत येते, तिला आपण लाट म्हणतो. हा फरक कोल्हापूरकराला तरी अवघड जाऊ नये. पावसाळ्यात आपण सगळेच राजाराम बंधाऱ्याचा आकडा बघत बसलेले असतो: 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. पंचगंगा 43 फुटांवर गेली म्हणून नदीत 43 फुटांची लाट उठली, असं कुणी म्हणत नाही. भरतीचा आकडाही तसाच, एका ठरवलेल्या शून्यापासून मोजलेली पाण्याची उंची.

तरी गोंधळ होतो, आणि त्याला कारण आहे. पावसाळ्याआधी मुंबईत साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी जाहीर होते आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते, 'साडेचार मीटर उंच लाटा उसळणार'. आकडा पातळीचा, मथळा लाटेचा. त्यात जून-जुलैत समुद्र मुळात खवळलेला असतो. भरतीने पाणी कठड्यापर्यंत चढलेलं असलं की त्या लाटा लांब फुटण्याऐवजी थेट मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर येऊन आदळतात. फोटोत दोन्ही गोष्टी एकदमच दिसतात. पण जानेवारीतल्या अमावास्येलाही उधाणाची भरती येतेच, आणि तेव्हा तोच समुद्र शांत पसरलेला असतो.

आता लाटेकडे, कारण लाँगबोर्डवाल्याचा खरा शोध तिचाच. लाँगबोर्ड म्हणजे 9 फूट किंवा त्याहून लांब, पुढचं टोक गोल असलेला बोर्ड. त्याला उंच, उभी, तोंडावर कोसळणारी लाट नको असते. गुडघ्यापासून छातीपर्यंतची, हळूहळू कलणारी आणि एका बाजूने सावकाश फुटत जाणारी लाट मिळाली की बोर्ड लवकर घसरायला लागतो आणि उभं राहून त्याच्या टोकापर्यंत पावलं टाकत जायला वेळ मिळतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळा सोडला तर अशा लाटा बऱ्याच वेळा असतात. पाणीही वर्षभर साधारण 26 ते 30 अंशांच्या दरम्यान असतं, त्यामुळे वेटसूटची गरज नाही. उन्हासाठी पूर्ण बाह्यांचा लायक्राचा टी-शर्ट पुरतो.

किनाऱ्यावर येणाऱ्या लाटाही दोन घराण्यांच्या. एक जवळच्या वाऱ्याची. दुपारी खारे वारे सुटले की समुद्रभर उठणारी, एकामागून एक चार-पाच सेकंदांनी येणारी, आखूड आणि विस्कटलेली. तिच्यावर बोर्ड धड चालत नाही. दुसरी लांबून आलेली, तिला सर्फर स्वेल म्हणतात. दक्षिण गोलार्धात चाळीस अंशांच्या खाली सतत घोंघावणाऱ्या वादळी वाऱ्यांतून ती निघते आणि अख्खा हिंदी महासागर ओलांडून आपल्याकडे येते. दोन लाटांमधला वेळ, म्हणजे पीरियड, 15 सेकंदांचा असेल तर खोल समुद्रात तिची ऊर्जा तासाला साधारण 42 किलोमीटर वेगाने सरकते, दिवसाला हजार किलोमीटर. म्हणजे आज गोव्यातल्या आरंबोळला जी लाट आपण पकडतो तिला जन्म देणारं वादळ आठवडाभर मागे, अंटार्क्टिकाच्या वाटेवर कुठेतरी होऊन गेलेलं असतं. आपल्या इथे वाऱ्याची झुळूकही नसते. मला सर्फिंगमधली ही गोष्ट सगळ्यात जास्त भावते. केरळात याच दक्षिणी लाटा अचानक वाढून किनाऱ्यावरच्या घरांत पाणी शिरतं, त्याला तिथले मच्छीमार कल्लकडल म्हणतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था त्याचे इशारे देते.

हा पीरियड डोळ्यांनी मोजता येतो. कुठल्याही उंचवट्यावर उभं राहा, पाण्यातला एक स्थिर खडक किंवा जाळ्याचा बोया हेरा आणि पहिली लाट त्यावरून गेली की मोबाईलचं स्टॉपवॉच सुरू करा. त्यानंतरच्या दहा लाटा जाऊ द्या आणि दहाने भागा. उत्तर दहाच्या वर आलं तर गुडघ्याएवढी दिसणारी लाटसुद्धा बोर्ड उचलून नेईल. पाच आलं तर लाट कंबरेएवढी असली तरी मी बोर्ड गाडीवरून काढत नाही. लाटांचा हवामान अंदाज बघतानाही उंचीआधी पीरियड बघावा. तिथली लाटेची उंची म्हणजे सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी, तेव्हा 'एक मीटर' लिहिलेल्या दिवशी अधूनमधून पावणेदोन-दोन मीटरची लाटही येणार, हे धरून चालावं.

मग भरतीचं काम काय? ती लाट मोठी करत नाही. लाट कुठे आणि कशी फुटेल, ते मात्र तीच ठरवते. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या पाऊणपटीच्या थोडी पुढे गेली की लाट फुटते, म्हणजे अर्ध्या मीटरची लाट साधारण 65 सेंटिमीटर पाण्यात फुटणार. समजा, किनाऱ्यापासून थोडं आत वाळूचा एक उंचवटा आहे आणि ओहोटीला त्यावर एवढंच पाणी उरतं. त्या वेळी तिथे सुरेख लाट फुटेल. तीन-चार तासांत पाणी दीड मीटर चढलं की तीच लाट उंचवट्यावरून न फुटता निघून जाईल आणि थेट काठाच्या उतारावर आपटेल. लाट बदललेली नाही, तिच्याखालची जमीन खोल गेली. उलट काही ठिकाणी ओहोटीला लाट सगळीकडे एकदम कोसळते आणि अर्धी भरती झाल्यावर छान उलगडायला लागते. म्हणून 'अमुक किनारा चांगला आहे' हे वाक्य मला अपुरं वाटतं. किती पाण्याला चांगला, ते विचारायला हवं.

ती वेळ काढायला आपल्याकडे पंचांगच पुरतं. किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. चतुर्थीला तीन वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघावी, पण बेत आखायला हे भरपूर आहे.

यातून एक उपयोगी गोष्ट हाती लागते. सर्फिंगला सगळ्यात चांगली वेळ पहाटेची, कारण तेव्हा जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहत असतात आणि लाटेचं तोंड गुळगुळीत ठेवतात. पौर्णिमा-अमावास्येला पहाटे नेहमी ओहोटी असते आणि सहापासून अकरापर्यंत पाणी भराभर चढतं. त्यामुळे ओहोटीला मेलेली आणि मध्यम पाण्याला जागी होणारी जागा या दिवशी साडेसात-आठला रंगात येते, आणि वारा अजून फिरलेला नसतो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पहाटे पाणी वर असतं, पण चढउतार कमी असल्याने जागा बराच वेळ एकसारखी चालते. नवशिक्याने भांगाचेच दिवस धरावेत, असं मी सांगेन. आपण उभं राहायला धडपडत असताना खालची लाट तासातासाला स्वभाव बदलत नाही.

किनाऱ्यागणिक हे प्रमाण बदलतं. भावनगरला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो. मुंबईत उधाणाच्या दिवशी तो चार मीटर ओलांडतो, गोव्यात दोन मीटरच्या आसपास राहतो आणि कोचीपर्यंत मीटरभर उरतो. उत्तरेकडे समुद्राचा उथळ तळ रुंद होत जातो आणि खंभातच्या आखातात पाणी कोंडतं, त्याचा हा परिणाम. त्याच रुंद उथळ तळावर घासून लाटेची ताकदही कमी होते. थोडक्यात, दक्षिणेकडे सरकावं तसं भरतीचं राजकारण कमी आणि लाटेचं वजन जास्त. श्रीलंकेतलं वेलिगामा किंवा हवाईतलं वाइकीकी लाँगबोर्डसाठी एवढं गाजलं, त्यात तिथला चढउतार मीटरभरही नसण्याचा वाटा मोठा आहे.

आपल्याला घाट कुठला उतरायचा ते यावर ठरवता येतं. आंबा घाटाने रत्नागिरीकडे गेलात तर पाणी जास्त हलतं, वेळ नीट साधावी लागते. गणपतीपुळ्याचा किनारा भक्तांनी गजबजलेला असला तरी त्याला उतार जास्त आहे आणि बुडाल्याच्या बातम्या तिथून पुन्हापुन्हा येतात. तिथे बोर्ड न्यायचा विचारही करू नये. मालवणात चिवला किनाऱ्याच्या समोर खडक आहेत, ते लाट बाहेरच अडवतात. सागरी जलतरण स्पर्धा तिथे भरतात, त्या पाणी शांत मिळतं म्हणूनच. लाट हवी असेल तर उघड्या वाळूच्या किनाऱ्यावर जावं लागतं. आजरा, आंबोली, सावंतवाडी करत आरंबोळ-आश्वेला उतरलं की सपाट वाळू, मंद उतार, भाड्याने मिळणारे मऊ बोर्ड आणि शिकवणारी माणसं, सगळं मिळतं. सुरुवात तिथूनच करावी. हात बसल्यावर कर्नाटकात मंगळूरजवळच्या मुल्कीचा प्रवास करावा. मंत्रा सर्फ क्लब 2004 पासून तिथे आहे आणि जवळच्या ससिहित्लूला राष्ट्रीय पातळीवरच्या स्पर्धा होतात. चढउतार कमी, लाट जरा भरीव.

अनोळखी किनाऱ्यावर पोचलात तर दोन खुणा बघा. खडकांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या पट्ट्याची वरची कड साधारण भरतीच्या पाण्याची रेघ सांगते. तिथून आत्ताच्या पाण्यापर्यंत किती उंची उरली आहे, ते नजरेने मोजता येतं. आणि रापण, म्हणजे माणसं काठावरून ओढतात ते मोठं जाळं, कुठे ओढतात ते विचारा. रापणीचं जाळं खडकाळ तळावर फाटतं, म्हणून ती ओढतात तिथे तळ वाळूचा आणि बहुधा मंद उताराचा असतो. लाँगबोर्डला तेच हवं. फक्त रापण पाण्यात असताना त्या पट्ट्यात उतरायचं नाही. त्या माणसांचं ते पोट आहे, आणि बहुतेकदा तीच तुम्हाला लाट कधी जागी होते ते सांगतील.

एप्रिल-मेमध्ये दक्षिणेकडचा स्वेल जोर धरतो. तेव्हा किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला डोंगराची सोंड समुद्रात गेलेली असेल, तर तिच्या आडोशाची लाट लहान आणि स्वच्छ मिळते. उघड्यावर छातीवर जाणारी लाट तिथे कंबरेएवढी असते. जून लागला की मात्र बोर्ड घरी ठेवायचे, भरती काहीही असो.

एका जागी मात्र लाट दुय्यम ठरते आणि भरतीलाच मान द्यावा लागतो: खाडीचं तोंड. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तेरेखोलची खाडी आहे, मुल्कीला शांभवी आहे. नदीने आणलेल्या वाळूचे उंचवटे अशा ठिकाणी तयार होतात आणि त्यांवर लाट फार देखणी उलगडते, म्हणून मोह होतो. पण उधाणाच्या दिवशी ओहोटी लागली की अख्ख्या खाडीत भरलेलं पाणी त्या अरुंद तोंडातून बाहेर धावतं. हाताने पाणी मारत त्याच्या उलट येणं चांगल्या पोहणाऱ्यालाही जमत नाही. अशा ठिकाणी भरतीच्या शेवटच्या तासातच उतरावं, पाणी फिरायच्या आधी बाहेर यावं, आणि समोरची लाट गुडघ्याएवढीच आहे म्हणून ही वेळ लांबवू नये.