नृत्य-संगीताची तालीम, मेंदू आणि सहसंवेदना : वाद कुठून आला?

संगीत शिकल्याने मुलांची बुद्धी वाढते, हा दावा गायन-वादनाच्या क्लासच्या जाहिरातींत रुळून आता तीस वर्षे होत आली. अलीकडे त्याला जोडीदार मिळाला आहे : नृत्य-संगीत शिकणारी मुले दुसऱ्याचे मन अधिक चांगले ओळखतात, त्यांची सहसंवेदना वाढते. हल्ली दोन्ही दावे एका दमात केले जातात आणि शेजारी मेंदूचे रंगीत चित्र असते. प्रत्यक्षात त्यांच्यामागचे संशोधन वेगळ्या प्रश्नांतून, वेगळ्या प्रयोगशाळांत उभे राहिले, आणि त्यांच्यामध्ये एक मोठी फट आहे.

रंगमंचावरचा भाव पाहणाऱ्याच्या मनात कसा उतरतो, हा प्रश्न आपल्याकडे जुनाच. भरताच्या नाट्यशास्त्रातले रससूत्र (भावापासून रस कसा निपजतो हे सांगणारे सूत्र) आणि त्यावरची काश्मिरी टीका नृत्याचे शास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाच्या अभ्यासक्रमात असते. एकोणिसावे शतक सरता सरता जर्मन सौंदर्यमीमांसकांनीही त्याच प्रश्नाला हात घातला. आजचा वाद मात्र त्या परंपरेतून आलेला नाही. तो 1993 साली कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या प्रयोगापासून सुरू होतो.

त्या प्रयोगात महाविद्यालयातले 36 विद्यार्थी होते. त्यांनी मोझार्टची दोन पियानोंसाठीची एक रचना दहा मिनिटे ऐकली आणि त्यानंतर अवकाशीय बुद्धिमत्तेच्या, म्हणजे आकार आणि जागा मनातल्या मनात हाताळण्याच्या, चाचणीत आठ-नऊ गुण जास्त मिळवले. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला, हे त्याच शोधनिबंधात लिहिलेले आहे. त्यात लहान मुले नव्हती, संगीताचे शिक्षण नव्हते, कोणी वाद्याला हातही लावलेला नव्हता. तरीही 1998 मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला अभिजात संगीताची सीडी देण्यासाठी 1,05,000 डॉलरची तरतूद मागितली, आणि त्याच वर्षी फ्लोरिडात सरकारी अनुदानावर चालणाऱ्या पाळणाघरांत असे संगीत रोज वाजवण्याचा कायदा झाला. 1999 पासून या प्रयोगाची फेरतपासणी सुरू झाली. 2010 मध्ये व्हिएन्नातल्या अभ्यासकांनी सुमारे 40 प्रयोग आणि 3,000 सहभागी एकत्र मांडले, तेव्हा मोझार्टचे खास असे काही उरले नाही. शांत बसण्याच्या तुलनेत मन उल्हसित करणारे काहीही ऐकले तरी साधारण तेच होते. नुकसान मात्र होऊन गेले होते. ऐकणे आणि शिकणे या दोन गोष्टींची लोकांच्या मनात जी सरमिसळ झाली, ती अजून निस्तरलेली नाही.

शिकण्याचा खरा अभ्यास 1995 च्या आसपास वेग घेतो. तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांना मिळालेली जागा इतरांपेक्षा मोठी असते, आणि सातव्या वर्षाआधी शिकायला बसलेल्या वादकांच्या मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा पट्टा जाड असतो, असे दोन निष्कर्ष त्या वर्षी आले. दोन्ही अभ्यास वादकांची आणि वादक नसलेल्यांची तुलना करणारे होते. मुळात वेगळा मेंदू असलेलेच टिकून वादक झाले का, हा प्रश्न त्यातून सुटत नव्हता. 2009 मध्ये पंधरा महिने वाद्य शिकलेल्या लहान मुलांच्या मेंदूत सुरुवातीला नसलेले फरक नंतर दिसले, तेव्हा तालमीच्या बाजूला वजन आले. पण तिथेही कोणते मूल कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठी टाकून ठरवलेले नव्हते.

नृत्य या शर्यतीत उशिरा उतरले. स्कॅनरमध्ये डोके तसूभरही हलून चालत नाही, मग नाचणार कसे? 2006 मध्ये हौशी टँगो नर्तकांना स्कॅनरमध्ये आडवे झोपवून, डोके जखडून, पायाशी लावलेल्या तिरक्या फळीवर संगीताच्या लयीत पदन्यास करायला लावले गेले. तालमीच्या खोलीतले नृत्य आणि त्या फळीवरचे नृत्य यांत केवढे अंतर आहे, हे पायात घुंगरू बांधलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. पण तेवढ्यातूनही उपयोगी माहिती मिळू लागली.

ती माहिती ‘सरावाने मेंदू वाढतो’ या लाडक्या समजुतीला धक्का देणारी निघाली. 2010 मध्ये व्यावसायिक बॅले नर्तिकांच्या मेंदूत हालचालींशी संबंधित काही भागांतला करडा पदार्थ (चेतापेशींनी दाट भरलेला भाग) इतरांपेक्षा कमी आढळला. पुढे लंडनमध्ये 29 बॅले नर्तिकांची 20 नौका वल्हवणाऱ्या स्त्रियांशी तुलना झाली. सलग गिरक्या घेऊनही नर्तिकांना घेरी कमी येत होती आणि तोल सांभाळण्याचे संदेश हाताळणारा त्यांचा लहान मेंदूतला भाग आकाराने लहान होता. गिरकीला अडथळा आणणारे संकेत मेंदू वर्षानुवर्षांच्या सरावाने दाबायला शिकतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. 2016 मध्ये नर्तक आणि वादक शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर मेंदूचे भाग जोडणाऱ्या त्याच तंतुमार्गांवर दोघांच्या खुणा परस्परविरुद्ध दिशेच्या निघाल्या. त्यामुळे ‘नृत्य-संगीताने मेंदू असा होतो’ असे जोडशब्दाने बोलणेच मला चुकीचे वाटते.

सहसंवेदनेची वाट इटलीतल्या पार्मातून आली. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे माकडांच्या मेंदूत अशा चेतापेशी सापडल्या, ज्या स्वतः वस्तू उचलताना आणि दुसऱ्याला उचलताना पाहूनही चेततात. लंडनमध्ये 2005 साली बॅले आणि कापोएरा (ब्राझीलमधली नृत्यासारखी युद्धकला) या दोन शैलींच्या निष्णातांना दोन्ही शैलींच्या चित्रफिती दाखवल्या, तेव्हा ज्याची जी शैली, तिला त्याचा मेंदू अधिक प्रतिसाद देत होता. पुढच्याच वर्षीचा प्रयोग त्याहून नेमका होता. बॅलेत काही हालचाली फक्त स्त्रिया करतात, काही फक्त पुरुष. एकाच मंचावर वावरल्यामुळे दोघांनीही एकमेकांच्या हालचाली हजारदा पाहिलेल्या असतात, पण केलेल्या नसतात. तरीही स्वतः केलेल्या हालचाली पाहताना मेंदूतला प्रतिसाद वाढला. म्हणजे नुसते पाहण्यापेक्षा अंगात भिनलेले काही वेगळे असते. या सगळ्या संशोधनातला हा मला सर्वांत देखणा प्रयोग वाटतो.

घाईही इथेच झाली. दुसऱ्याची हालचाल अंगाने कळणे यावरून दुसऱ्याचे दुःख मनाला कळणे गृहीत धरले गेले. त्यातही ‘सहसंवेदना’ मोजायची तर बहुतेक ठिकाणी 1980 च्या दशकात रुळलेली 28 विधानांची प्रश्नावली वापरतात. तिचे चार भाग आहेत : दुसऱ्याच्या जागी उभे राहून विचार करणे, दुसऱ्याबद्दल कळवळा वाटणे, कल्पित पात्रांत रमणे, आणि दुसऱ्याचा त्रास पाहून स्वतः अस्वस्थ होणे. चौथ्या भागात गुण जास्त असलेला माणूस मदतीला धावतोच असे नाही. तो कधी कधी तिथून पळ काढतो. शिवाय ही सगळी उत्तरे ज्याची त्यानेच दिलेली.

या वादातली कळीची गोष्ट मात्र वेगळीच आहे, आणि बातम्यांत ती जवळजवळ कधीच येत नाही : तुलनेसाठी घेतलेली मुले त्या काळात काय करत होती?

2004 मध्ये टोरोंटोत 144 सहा वर्षांच्या मुलांचे चिठ्ठ्या टाकून चार गट केले गेले. एकाला कीबोर्ड, एकाला गायन, एकाला नाटक, आणि चौथ्याला काहीच नाही. 36 आठवड्यांनी सगळ्यांचाच बुद्ध्यंक वाढला होता, कारण मुले नुकतीच शाळेत जाऊ लागली होती. संगीताच्या गटांत ती वाढ सरासरी 7 गुणांची होती, उरलेल्या दोन गटांत 4.3. हा पावणेतीन गुणांचा फरक जगभर गाजला. त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मागे पडला : सामाजिक वागणुकीत सुधारणा दिसली ती नाटकाच्या गटात. सहसंवेदनेसाठी संगीताचे दाखले देणाऱ्यांनी हा अभ्यास मुळातून वाचायला हवा होता.

2020 मध्ये 54 अभ्यास आणि जवळपास 7,000 मुलांचा लेखाजोखा घेऊन दोन अभ्यासकांनी निर्वाळा दिला की संगीतशिक्षणाचा इतर बौद्धिक क्षमतांवरचा परिणाम, तुलनेचा गट नीट असेल तर, शून्याच्या आसपास येतो. ‘नीट’ म्हणजे त्या मुलांनाही चित्रकला, नाटक, खेळ असे काहीतरी तितक्याच उत्साहाने शिकवलेले हवे. 2022 मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी तीच आकडेवारी पुन्हा मांडून छोटा पण सकारात्मक परिणाम दाखवला. खडाजंगी अजून चालू आहे. बुद्ध्यंकाच्या बाबतीत कठोर तुलनेचा आग्रह मला रास्त वाटतो. घरची आर्थिक स्थिती, पालकांचे शिक्षण आणि आनुवंशिकता यांचा वाटा मोठा असतो. त्यातला आनुवंशिकतेचा वाटा स्वीडनमधल्या जुळ्यांच्या अभ्यासांनीही दाखवला.

सहसंवेदनेच्या बाबतीत मात्र हाच आग्रह वेगळे फळ देतो. नाटक करणारी मुलेही एकमेकांकडे पाहून, एकमेकांची वाट पाहून काम करतात. संगीताच्या गटाने त्यांना मागे टाकले नाही, तर त्याचा अर्थ संगीत निरुपयोगी असा होत नाही. एकत्र येऊन काही घडवणे हाच दोन्हीकडचा समान भाग आहे. केंब्रिजमधल्या एका अभ्यासात हे भान ठेवलेले दिसते. 8 ते 11 वयोगटातल्या 52 मुलांपैकी एका गटाने वर्षभर एकत्र संगीताचे खेळ खेळले, दुसऱ्याने तसलेच पण संगीताविना, तिसऱ्याने काहीच नाही. सहसंवेदनेचे गुण संगीताच्या गटात वाढले. अभ्यास लहान आहे, पण प्रश्न बरोबर विचारला आहे. बंद खोलीत एकट्याने केलेला रियाज आणि चौघांनी मिळून समेवर येणे यांना ‘संगीतशिक्षण’ या एकाच रकान्यात टाकणारे अभ्यास मला त्यापुढे फिके वाटतात.

एकत्र लयीत हलण्याचा स्वतंत्र अभ्यासही 2009 नंतर जोमात आला. लायपझिगमध्ये मिळून गायलेली-नाचलेली चार वर्षांची मुले नंतर जोडीदाराच्या गोट्या सांडल्यावर मदतीला अधिक धावली. कॅनडात 2014 मध्ये चौदा महिन्यांच्या बाळांना झोळीवजा पट्ट्यात धरून गाण्यावर झुलवले गेले. समोरची बाई कधी त्यांच्याच लयीत हलत होती, कधी वेगळ्या. मग तिने कपड्यांचा चिमटा ‘चुकून’ पाडला. लय जुळलेल्या बाळांनी तो जास्त वेळा उचलून दिला.

पण या बाळांची कसलीही तालीम झालेली नव्हती. सुरुवातीला म्हटलेली फट हीच. वर्षानुवर्षांच्या तालमीचे अभ्यास मेंदूची रचना सांगतात, आणि मदतीचे अभ्यास काही मिनिटांच्या लयीबद्दल बोलतात. क्लासच्या पत्रकावर मात्र पहिल्यांचे चित्र आणि दुसऱ्यांचा निष्कर्ष शेजारी शेजारी छापला जातो.

लेझीम, ढोल-ताशा पथक, वारीतली पावली यांना हे निष्कर्ष लावण्याचा मोह आपल्याला होणारच. त्याआधी पुढचे दोन प्रयोग पाहायला हवेत. 2012 मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगात, सूचना देणाऱ्याच्या पावलाशी पाऊल जुळवून चालून आलेल्यांनी जिवंत किडे त्यांना मारणाऱ्या यंत्रात टाकण्याची त्याची सूचना इतरांपेक्षा जास्त पाळली. आणि 2016 मध्ये कॅनडातल्या त्याच प्रयोगशाळेने बाळांचा प्रयोग पुढे नेला. आपल्या लयीत हललेल्या बाईची जी मैत्रीण म्हणून दाखवली होती, तिलाही बाळांनी जास्त मदत केली. अनोळखी बाईला केलेली मदत मात्र होती तेवढीच राहिली.