घरगुती नेटवर्कवर दूरचित्रवाणी कार्यक्रमांची साठवण

ट्यूनरने, म्हणजे प्रक्षेपण पकडणाऱ्या उपकरणाने, टिपलेले दूरचित्रवाणीचे कार्यक्रम एकाच सेट-टॉप बॉक्समध्ये अडकवून न ठेवता घरातील सामायिक संगणकावर किंवा ‘नॅस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साठवण यंत्रावर ठेवणे आणि तेथून ते घरातल्या कोणत्याही पडद्यावर पाहता येतील अशी व्यवस्था राखणे, म्हणजे ही साठवण होय. हार्ड डिस्कवर कार्यक्रम टिपणारे टिवो आणि रिप्लेटीव्ही हे संच अमेरिकेत १९९९ मध्ये विक्रीस आले. २००२ मध्ये सुरू झालेल्या मिथटीव्ही या मुक्त प्रणालीने कार्यक्रम टिपणारा संगणक आणि दाखवणारा संगणक वेगवेगळे केले, आणि साठवण नेटवर्कवर नेण्याचा मार्ग त्यामुळे सोपा झाला.

या व्यवस्थेत वेग कमी पडतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो क्वचितच कमी पडतो. अमेरिकेतील अँटेनावरील डिजिटल प्रक्षेपणाचा एटीएससी हा मानक प्रवाह सेकंदाला १९.३९ मेगाबिटचा आहे, म्हणजे तासाला फार तर सुमारे ८.७ गिगाबाइट. असे चार प्रवाह एकदम लिहिले, तरी सेकंदाला १० मेगाबाइटपेक्षा कमीच भरतात, तर गिगाबिट केबलची सैद्धांतिक क्षमता १२५ मेगाबाइट असते. खरी अडचण थांबण्याची आहे. साध्या फाइलची नक्कल करताना नेटवर्क क्षणभर अडखळले, तर संगणक पुन्हा प्रयत्न करतो. प्रक्षेपण मात्र कोणासाठी थांबत नाही. वीज वाचवण्यासाठी झोपवलेली डिस्क फिरू लागायला काही सेकंद घेते, वाय-फाय मध्येच मंदावते, ईएक्सटी३ सारख्या जुन्या फाइल सिस्टीमवर (डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतीवर) कित्येक गिगाबाइटची एक फाइल पुसताना डिस्क बराच वेळ गुंतून पडते. तेवढ्यात ट्यूनरची तात्पुरती स्मृती भरून वाहते आणि कार्यक्रमाचा तुकडा कायमचा जातो.

हा तोटा फाइलमध्ये स्पष्ट दिसतो. प्रक्षेपणाचा प्रवाह १८८ बाइटच्या पॅकेटांत विभागलेला असतो आणि चित्र व आवाज यांच्या पॅकेटांवर ० ते १५ असा फिरता क्रमांक स्वतंत्रपणे घातलेला असतो. ३ नंतर ४ न येता थेट ९ आला, की मधली पॅकेटे हरवली हे कळते. पडद्यावर त्या जागी चित्राचे चौकोनी तुकडे होतात आणि आवाज तुटतो. तरीही पुढचा भाग नीट चालतो, हा या स्वरूपाचा मोठा गुण आहे. सर्वसाधारण एमपी४ फाइलची सूची बहुधा शेवटी लिहिली जाते, त्यामुळे मध्येच वीज गेली तर संपूर्ण फाइल उघडेनाशी होते. म्हणून टिपताना मूळ प्रवाहच ठेवावा आणि रूपांतर नंतर करावे. प्रक्षेपण थांबत नसल्यामुळेच ट्यूनर असलेल्या संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर आधी लिहून, पूर्ण झालेली फाइल रात्री नॅसवर हलवणे हीच सर्वांत भरवशाची पद्धत ठरते. थेट नॅसवरच लिहायचे असेल आणि एनएफएस ही नेटवर्कवरून फाइली वापरण्याची पद्धत वापरात असेल, तर ‘सॉफ्ट’ जोडणी टाळावी, कारण वेळमर्यादा संपताच ती लिहिण्याचा प्रयत्न सोडून देते.

साठा टिकवण्यासाठी ‘रेड’ पद्धतीने अनेक डिस्क एकत्र जोडतात. या संकल्पनेला नाव देणारा शोधनिबंध पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये मांडला. एक डिस्क गेली तरी साठा चालू राहतो, पण रेड म्हणजे बॅकअप नव्हे. घरातल्या कोणी चुकून मालिका पुसली, तर ती एकमेकींची नक्कल ठेवणाऱ्या जोडीच्या दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते. झेडएफएस ही फाइल सिस्टीम प्रत्येक ब्लॉकचा (साठ्याच्या तुकड्याचा) चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, जपते आणि ठरावीक काळाने सगळा साठा वाचून पडताळता येत असल्याने नकळत बिघडलेला भाग वेळीच सापडतो.

महाराष्ट्रात लिहिताना विजेचा विचार टाळता येत नाही. घरचा इन्व्हर्टर वीज गेल्यावर जोडणी बदलायला जो क्षण घेतो, तेवढ्यात नॅस पुन्हा सुरू होऊ शकते. यूएसबीने जोडलेला यूपीएस मात्र बॅटरी संपत आल्याचे नॅसला कळवतो आणि ती रीतसर बंद होते. राउटर आणि स्विचही त्याच यूपीएसवर हवेत, हे बहुतेकदा विसरले जाते. सशुल्क डीटीएच सेवांचे रेकॉर्डिंग सांकेतिक असून ते त्याच बॉक्सवर उघडते, म्हणून ते नॅसवर नेऊन उपयोग नसतो. २००४ मध्ये सुरू झालेल्या दूरदर्शनच्या मोफत उपग्रह सेवेवरील विनासंकेत वाहिन्या मात्र उपग्रह ट्यूनर आणि टीव्हीहेडएंडसारखी प्रणाली यांच्या साहाय्याने टिपता येतात.

सर्वांत दुर्लक्षित भाग डेटाबेसचा आहे. मिथटीव्हीत फाइलच्या नावात केवळ वाहिनीचा क्रमांक आणि १४ अंकी वेळ असते, तीही जागतिक प्रमाणवेळेनुसार. भारतात सायंकाळी ७ वाजता टिपलेल्या कार्यक्रमाच्या नावाचा शेवट १३३००० असा होतो. कार्यक्रमाचे नाव, भाग आणि वर्णन डेटाबेसमध्ये असते. तो गेला, तर एकही चित्र न हरवता हाती फक्त आकड्यांच्या नावांचा ढीग उरतो आणि प्रत्येक फाइल उघडून ओळखावी लागते. त्यामुळे डेटाबेसची रोजची प्रत त्याच डिस्कवर न ठेवता दुसऱ्या यंत्रावर ठेवतात.