डेकला तेल लावलं, पण चिंध्या कुठं टाकल्या?

लातूरला आमच्या दाजींनी गच्चीवर सागवानी फळ्यांचा डेक करून घेतलाय, थंडीत सकाळी उन्हात बसून चहा प्यायला. यंदा दिवाळी झाली अन् त्यांचा फोन, "अरे फळ्या आकसायल्यात, मधल्या फटीत रुपया उभा जायलाय, लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घेऊ का?" म्हटलं दाजी, अजिबात भरू नका.

थंड देशांत डेकला भीती बर्फाची, कारण पाणी गोठताना जवळपास 9 टक्के फुगतं आणि फटीत अडकलेलं पाणी लाकूड फाडतं. आपल्याकडं परभणीचा पारा पेपरात 5-6 वर आला तरी ती भानगड नाही, आपल्याला त्रास कोरड्या हवेचा. लाकूड म्हणजे कडब्याच्या पेंढीसारखं, बारीक नळ्यांचा जुडगा, पावसाळ्यात नळ्यांच्या भिंती ओल पिऊन फुगतात अन् आता सुकून आकसतात. फळी लांबीला जवळपास बदलत नाही, सगळा फरक रुंदीत, त्यातही खोडाच्या वर्तुळांच्या दिशेनं आकसणं गाभ्याकडून सालीकडच्या दिशेच्या साधारण दुप्पट, म्हणून फळीला बाक येतो, कडा उचलतात आणि स्क्रू वर येऊन पायाला लागतात. फट आत्ता लांबी घालून बुजवली तर जूनमध्ये फुगायला जागाच नाही, फळ्या उखडणार.

मग करायचं काय? ढिले स्क्रू आवळा, गंजलेले बदलून स्टेनलेसचे घाला, फळ्यांखालचा पाचोळा काढा. खालच्या पट्ट्यांना जुना स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, शिऱ्यात गेल्यासारखा आत गेला तर ती पट्टी कुजलीय. कठडा अंग टाकून नाही, हातानं हलवून बघा. शेवाळ घासून धुवा, दोन-तीन दिवस वाळू द्या आणि भर दुपारी तेल लावा, कारण निरभ्र रात्री गच्ची आभाळाकडं उष्णता फेकून हवेपेक्षाही गार होते, दव धरतं.

तेल कुठलं? घरात आहे म्हणून शेंगदाण्याचं लावू नका, ते चिकटच राहतं अन् धूळ धरतं. जवसाचं लावा, पेंटवाल्याकडं बेलतेल म्हणून मिळतं ते लवकर वाळतं. करडईचंही वाळतं, पण सावकाश. आता "वाळतं" म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही बरं का, हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि घट्ट पापुद्रा होतो. या गुंतण्यात उष्णता बाहेर पडते. फळीवर पातळ थर असतो, ती वाऱ्यावर निघून जाते, पण तेलानं भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर आतली उष्णता आतच, त्यानं तेल अजून जोरात गुंततं, अजून तापतं, आणि काही तासांनी काडी न लावता पेट घेऊ शकतं. जेवणात चटणी करतो तेच जवस हे!

दाजींनी मागच्या वर्षी असाच बोळा जिन्याखाली रद्दीवर टाकला होता. ताईला करपट वास आला म्हणून तिनं हात लावला तर बोळा आतून चांगला गरम, नशीब की वेळेत बादलीत बुडवला. चिंध्या उघड्यावर एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळवा नाहीतर पाण्यात भिजवून ठेवा, दोरीवर घडी घालून टाकू नका.

यंदा दाजी म्हणे तेलाआधी बादली भरून ठेवतात. ती ताईची कपड्याची बादली निघाली, तो तंटा अजून मिटलेला नाही.